कौलारू घर, ९५ हजारांचं बजेट आणि एव्ही रिसीव्हर: फोंड्याकडचं एक प्रकरण

माझ्या मावसभावाचं घर बांदोड्याला, फोंडा तालुक्यात. जुनं घर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं. त्याला हॉलमधे नीट होम थिएटर बसवायचं होतं, साउंडबार नको, खरे पाच स्पीकर आणि सब, म्हणजे जड आवाजाचा सबवूफर, हवा. सगळं मिळून बजेट ९५ हजार. त्याचा फोन आला तेव्हा प्रश्न एकच होता, "हा ७.२ वाला रिसीव्हर घेऊ ना? ॲटमॉस आहे त्यात." रिसीव्हर म्हणजे टीव्ही वगैरेंकडून आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारी पेटी, ७.२ म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबची सोय, आणि ॲटमॉस म्हणजे डॉल्बीचा डोक्यावरूनही आवाज देणारा फॉरमॅट. तो रिसीव्हर ७० हजारांच्या आसपास जात होता, म्हणजे पाच स्पीकर, सबवूफर, वायर, स्टँड सगळ्याला मिळून उरणार २५ हजार. मी दादाला म्हटलं थांब, आधी हॉल मोजू, मग घरात कोण काय ऐकतं ते लिहू, टीव्हीला मागे काय काय आहे ते बघू, रिसीव्हरचं नाव सगळ्यात शेवटी काढू. पुढे जे काही ठरलं ते ह्याच क्रमामुळे ठरलं, म्हणून प्रकरण पूर्ण लिहितोय. गोव्यात अशी घरं भरपूर आहेत आणि नेटवर मिळणारे बहुतेक सल्ले सपाट स्लॅबच्या फ्लॅटसाठी असतात.

हॉल साधारण साडेपाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद. टीव्ही आखूड भिंतीवर, ५५ इंची, ४के. सोफा टीव्हीपासून तीन मीटरवर आणि सोफ्याच्या मागे आतल्या घरात जायची वाट, म्हणजे पाठीला भिंत नाही. डाव्या बाजूला अख्खी चिऱ्याची भिंत, उजवीकडे दोन खिडक्या आणि बल्कांवात (पुढच्या पडवीत) उघडणारं दार. खाली गुळगुळीत लादी. वर छप्पर उतरतं, मधे उंच आणि बाजूला खाली. टाळी वाजवली की आवाज खोलीत थोडा वेळ राहतो, ते पहिल्याच भेटीत कळलं.

आता माणसं. वहिनींची तक्रार अशी की टीव्हीवर संवाद कळत नाहीत आणि मारामारी आली की घर दणाणतं, मग रिमोट हातात धरूनच सिनेमा बघावा लागतो. ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण ती रोजची आहे. काका भजनाला जातात, नाट्यपदं आणि जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग ऐकतात, त्यांना तानपुरा ऐकू आला पाहिजे आणि फोनवरून लावता आलं पाहिजे, बस. पुतण्याकडे प्लेस्टेशन ५. आणि दादाला स्वतःला रात्री जेवण झाल्यावर पिक्चर बघायचा असतो, तो बहुतेक स्ट्रीमिंगवर, डिस्क घरात एकही नाही.

पहिला निकाल ॲटमॉसचा लावला. ॲटमॉससाठी डोक्यावरून आवाज यायला हवा, त्यासाठी एकतर छतात स्पीकर बसवायचे नाहीतर वर तोंड केलेले स्पीकर ठेवायचे, ज्यांचा आवाज छतावर आपटून खाली येतो. कौलारू छपरात स्पीकर बसवायला छतच नाही, आणि वर तोंडवाल्यांना सपाट, आवाज परतवणारं छत लागतं. इथे उतार आहे, मधे वासे-रिपा आहेत, कौलांच्या फटी आहेत, आवाज कुठेतरी तिसरीकडेच फेकला जाणार. फॉल्स सीलिंग करू का असं दादाने विचारलं, मी स्पष्ट नको म्हटलं, ह्या घराचा गारवा त्या उंच छपरामुळे आहे आणि एका साउंड फॉरमॅटसाठी तो घालवायचा नाही. शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस हा डॉल्बी डिजिटल प्लस ह्या साध्या, कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटवर चढवलेला असतो, ५.१ च्या रिसीव्हरला दिला तर तो त्यातलं ५.१ वाजवतो, आवाज गायब वगैरे काही होत नाही. म्हणजे सात चॅनलची, सात स्पीकरची, गरज संपली. दादा थोडा हिरमुसला, पण कौलांकडे बघून त्यालाही पटलं.

मग वॉट. दादाच्या डोक्यात होतं की छप्पर उंच आहे, पावसात कौलांवर एवढा आवाज होतो, म्हणून पॉवर जास्तच हवी. शंका अगदी बरोबर आहे, पण हिशोब करून बघायला हवा. आम्ही जे स्पीकर बघत होतो त्यांची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल. तीन मीटरवर, खोलीतल्या भिंतींची मदत धरून, साधारण ७९ उरतात. घरात बसून संवाद ऐकायला ७२ डेसिबल पुरे होतात, त्याला लागतो साधारण पाव वॉटसुद्धा नाही! आता जुलैतला पाऊस धरा आणि त्यावर मात करायला आवाज १० डेसिबलने वाढवा, दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते, म्हणजे झाले २ वॉट. स्फोट, ढोल, असले क्षणभराचे मोठे आवाज ९५ डेसिबलपर्यंत न्यायचे तर ४० वॉट. थिएटरच्या मापाचे १०५ डेसिबलचे पीक हवे असतील तर सरळ ४०० वॉट, आणि ते ह्या घरात कोणी लावू देणार नाही, काका तर नाहीच. म्हणजे खऱ्या ७० वॉटचा रिसीव्हर ह्या हॉलला भरपूर झाला. त्यात परत ८० हर्ट्झच्या खालचा सगळा जड आवाज सबवूफरकडे जाणार, त्याला स्वतःचा ॲम्प असतो, रिसीव्हरवर तो भार येतच नाही.

"खऱ्या" हा शब्द मुद्दाम वापरला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १३० वगैरे वॉट छापलेले असतात, तो आकडा बहुतेक वेळा एकच चॅनल चालू, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं, ह्या अटींवरचा असतो. बघायचा तो आकडा म्हणजे दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.१ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन. आणि तो किती ओहमवर, म्हणजे स्पीकरच्या किती अडथळ्यावर, मोजलाय तेही बघायचं, ६ ओहमवरचा आकडा ८ ओहमपेक्षा मोठा दिसतो. हे सगळं मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर असतं, मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, विकत घ्यायच्या आधी ती दोन पानं वाचायला दहा मिनिटं लागतात आणि हजारो रुपये वाचतात.

तिसरं, एचडीएमआय. दादाच्या टीव्हीला एआरसी आहे, म्हणजे एचडीएमआयच्या त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय, पण तिची पुढची आवृत्ती ई-एआरसी नाही. फरक असा की एआरसीतून टीव्हीकडून रिसीव्हरकडे डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस असे कॉम्प्रेस केलेले आवाज येतात, ट्रूएचडी (डॉल्बीचा वरच्या दर्जाचा आवाज) किंवा अनकॉम्प्रेस्ड ५.१ येत नाही, त्याला ई-एआरसी लागतं. पण टीव्हीतल्या ॲप्सकडून येतं ते मुळात डॉल्बी डिजिटल प्लसच. म्हणजे ह्या घराला ई-एआरसी नसल्याचं नुकसान जवळजवळ शून्य. राहिला प्लेस्टेशन, तो टीव्हीला न लावता थेट रिसीव्हरला लावला की अनकॉम्प्रेस्ड ५.१ रिसीव्हरला मिळतंच. फक्त एक तडजोड, ह्या बजेटमधल्या साध्या रिसीव्हरमधून ४के ६० हर्ट्झपर्यंतच (सेकंदाला ६० चित्रं) चित्र पुढे जातं, १२० हर्ट्झवर खेळायचं असेल तर नाही चालणार. पुतण्याला विचारलं, टीव्हीच ६० हर्ट्झचा आहे, त्यामुळे विषय मिटला. पण ज्यांचा टीव्ही १२० हर्ट्झचा आहे आणि घरात खेळणारं पोर आहे त्यांनी इथे थांबून विचार करावा, त्यांच्यासाठी उत्तर वेगळं येईल.

इतकं झाल्यावर यादी छोटी झाली. एका बाजूला यामाहा आरएक्स-व्ही३८५, ५.१, दोन चॅनलवर ७० वॉट ६ ओहमला, चार एचडीएमआय इनपुट, ब्लूटूथ, मायक्रोफोन लावून करायचं वायपीएओ कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे स्पीकर आपोआप जुळवणं), वायफाय नाही. दुसऱ्या बाजूला त्याच कंपनीचा २०२० साली आलेला आरएक्स-व्ही४ए, ५.२, थोडी जास्त पॉवर, ई-एआरसी, वायफाय, म्युझिककास्ट (वायफायवरून गाणी लावायची यामाहाची सोय). आणखी एका कंपनीचं मॉडेल भावात व्ही३८५ च्या जवळ होतं आणि इनपुट एक जास्त होता, पण त्यात ऑटो कॅलिब्रेशन नव्हतं, आणि अशा वेड्यावाकड्या हॉलमधे, जिथे एक सराउंड (बाजूचा-मागचा स्पीकर) भिंतीवर आणि दुसरा दोन खिडक्यांच्या मधे, तिथे मायक्रोफोनवाला सोडणं मला पटेना.

चौथा पर्याय भावजींचा. मावसबहिणीचे यजमान शिपवर असतात, ते म्हणाले अमेरिकेत सेलमधे अर्ध्या भावात मिळतो, घेऊन येतो. गोव्यात हा सल्ला दर दुसऱ्या घरात मिळतो आणि तो प्रेमाने दिलेला असतो, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. पण अमेरिकन मॉडेल १२० व्होल्टचं. इथे २३० व्होल्ट, म्हणजे चांगला जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा मधे ठेवायचा, कोणीतरी साफसफाई करताना प्लग काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटमधे घातला की संपलं. वर इथे वॉरंटी नाही. भावजींना दादाने व्यवस्थित समजावलं आणि त्यांच्याकडून स्पीकर स्टँड मागवले, ते त्यांनी आनंदाने आणले. स्टँडला व्होल्टेज लागत नाही.

व्ही३८५ की व्ही४ए, इथे आम्ही बराच वेळ घालवला. व्ही४ए चांगला आहे, बजेट सव्वा लाख असतं तर मी तोच म्हटलं असतं. पण दोन्हींच्या भावातला फरक १५ हजारांच्या वर जात होता, आणि ते १५ हजार सेंटर स्पीकर (मधला, संवाद वाजवणारा) आणि सबकडे गेले तर वहिनींची तक्रार सुटते, रिसीव्हरकडे गेले तर घरात कोणालाच न लागणारं ई-एआरसी मिळतं. वायफाय नसल्याची उणीव काकांना भासेल का हे बघायला त्यांच्या फोनवर काय आहे ते पाहिलं, सगळी भजनं फोनमधेच उतरवलेली, ब्लूटूथ पुरे. उद्या टीव्ही बदलला आणि ॲप्समधून काही जास्तीचं हवंच झालं तर स्ट्रीमिंगची छोटी काडी रिसीव्हरच्या इनपुटला थेट लावता येते, रिसीव्हर बदलायची गरज नाही. व्ही३८५ ठरला. माझं मत आजही तेच आहे, मध्यम बजेटमधे रिसीव्हरला एकूण पैशाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या फार वर जाऊ देऊ नये, कारण कानाला ऐकू येतो तो स्पीकर आणि खोली.

पैसे असे गेले: रिसीव्हर ३३ हजार, पाच स्पीकर ३८ हजार, सब १८ हजार, वायर-प्लग-ब्रॅकेट साडेचार हजार. स्पीकरच्या ३८ मधे सेंटरला जाणूनबुजून मोठा वाटा दिला आणि सराउंड साधे घेतले. पणजी-मडगावच्या दुकानांत साउंडबार ढिगाने आणि असे रिसीव्हर डेमोला क्वचित, म्हणून माल बाहेरच्या डीलरकडून मागवावा लागला. ऑर्डर द्यायच्या आधी तीन गोष्टी फोनवर पक्क्या केल्या, बिल कंपनीच्या अधिकृत डीलरचं, वॉरंटी भारतातली, आणि बिघडला तर गोव्यातून कोण उचलणार. तिसऱ्या प्रश्नावर जो डीलर अडखळला त्याला सोडून दिलं.

बसवताना खरं काम चिऱ्याने काढलं. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा, त्यात प्लास्टिकचा नेहमीचा प्लग गोल गोल फिरतो. गावच्या सुताराने जुन्या पद्धतीने लाकडी गुट्ट्या ठोकल्या, त्यावर लांब स्क्रू, डावा सराउंड पक्का बसला. उजवा दोन खिडक्यांच्या मधल्या पट्टीवर. दोन्ही बसणाऱ्याच्या किंचित मागे, ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा वर. सेंटर टीव्हीखालच्या फळीवर, अगदी पुढच्या कडेला आणून थोडा वर कानाकडे कललेला, फळीवर आत ढकलून ठेवला तर फळीच आवाज खाते आणि संवाद परत घुमतात.

वायरसाठी महागडं काही घेतलं नाही. फोंड्याच्या इलेक्ट्रिकल दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल तांब्याची वायर घेतली. सराउंडला बारा मीटर लांबी, जाऊन-येऊन चोवीस, त्याचा रेझिस्टन्स ०.३ ओहमच्या आत, ६ ओहमच्या स्पीकरला चालतो. फक्त वायर शुद्ध तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर स्वस्त मिळते पण आपल्या खाऱ्या दमट हवेत तिची टोकं काळी पडून भुगा होतात. टोकांना बनाना प्लग (हाताने ओढले की सुटणारे) लावले, आणि त्याचं मुख्य कारण चवथ. ह्या घरात गणपती हॉलमधेच बसतो, टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात, वर माटोळी, म्हणजे लाकडी चौकट, बांधली जाते, तिला फळं आणि कातरो, घागऱ्यो, कांगलां असल्या रानातल्या वस्तू लटकतात, त्या दिवसांत उजवा फ्रंट स्पीकर आणि सब तिथे राहूच शकत नाहीत. तेव्हा प्लग ओढायचे, स्पीकर आत न्यायचे, चवथ झाली की परत जमिनीवर टेपने केलेल्या खुणेवर आणून ठेवायचे. खुणेवरच ठेवले की कॅलिब्रेशन नव्याने करावं लागत नाही. चवथीत भजनाचे माइक ह्या सिस्टमला लावता येतील का असं काकांनी विचारलं होतं. नको म्हटलं, माइकची शिटी वाजली की घरगुती ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) जळायला वेळ लागत नाही, भजनाला भजनाचाच सेट आणावा.

कॅलिब्रेशन दुपारी केलं, पंखे बंद, खिडक्या बंद, माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला. मशीनने अंतरं बरोबर ओळखली पण फ्रंट स्पीकर "लार्ज" ठरवले, ते हाताने "स्मॉल" केले, म्हणजे जड आवाज त्यांच्याऐवजी सबकडे जातो, आणि ती सीमा, क्रॉसओव्हर, ८० हर्ट्झवर ठेवली. सेंटर दीड-दोन डेसिबल वर. सब कोपऱ्यात फार घुमत होता, तो भिंतीने सरकवत सरकवत थोडा डावीकडे आणला आणि तिथे आवाज आखडला, स्वच्छ झाला. घुमण्यावर दुसरा उपाय म्हणून जाड गालिचा सगळेच सुचवतात, पण तो इथे पावसाळ्यात वास मारतो, म्हणून जाड पडदे आणि धुता येईल अशी सतरंजी. टाळीचा आवाज पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर मरतो.

मग एक अडचण आली. केबलचा सेटटॉप बॉक्स रिसीव्हरला लावला आणि सबमधून सतत हूंऽऽ. दादाला वाटलं सब खराब आला. एकेक वायर काढत गेलो, बॉक्सच्या मागची गोल केबल उपसली आणि आवाज बंद. ग्राउंड लूप. खांबावरून येणारी केबल एका अर्थिंगला आणि घरातली सिस्टम दुसऱ्या, दोन्हींच्या फरकातून हा आवाज येतो. उपाय म्हणजे केबलवर लागणारा छोटा आयसोलेटर, दोन-तीनशे रुपयांत मिळाला. ह्यावर काही लोक प्लगची अर्थिंगची पिन तोडतात, ते अजिबात करू नका, ती पिन माणसाच्या जिवासाठी असते.

पावसाळ्याची तयारी वेगळी. रिसीव्हर काचेच्या शोकेसमधे ठेवायचा घरच्यांचा विचार होता, तो बदलून उघड्या रॅकवर, वरती २०-३० सेंटिमीटर मोकळं, मागेही हवा खेळेल असं. गरम मशीन बंद कपाटात शिजतं, आणि आपल्याकडे उबेला पाली येतात त्या वेगळ्या, त्यासाठी रॅकचे पाय भिंतीपासून सुटे ठेवलेत. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावला पण वीज कडाडायला लागली की त्याच्या भरवशावर राहायचं नाही, मेन प्लग आणि ती केबलची गोल वायर दोन्ही काढायच्या, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आणि रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही, त्यांचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्याची वीज घरच्या लाइनसारखी गुळगुळीत नसते, लाइट गेली तर पिक्चर थांबेल, चालेल.

आता सगळं सुरू होऊन एक पावसाळा गेलाय. वहिनी रिमोट हातात न धरता पिक्चर बघतात, रात्री डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक) कमी करायची सेटिंग त्यांनीच शोधून काढली आणि त्या ती वापरतात. टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप चालू होतो, एकच रिमोट पुरतो. धो-धो पावसात आवाज वाढवावा लागतो पण मशीन कधी दमलेलं वाटलं नाही, वरचा पत्रा हाताला कोमट लागतो एवढंच. काका सराउंड बंद करून फक्त दोन स्पीकरवर ऐकतात आणि ते बरोबर आहे, मैफल स्टीरिओतच ऐकावी. उजव्या सराउंडची वायर अजून खिडकीच्या चौकटीवरून उघडी गेलीय, ती दिवाळीआधी रंगकाम निघेल तेव्हा पट्टीत घालायची आहे, आणि पुतण्याने १२० हर्ट्झच्या टीव्हीचा विषय काढायला सुरुवात केलीय, तो टीव्ही आला तर प्लेस्टेशन थेट टीव्हीला जाईल आणि आवाज एआरसीवरून डॉल्बीत घेऊ, कॉम्प्रेस्ड असला तरी पाचही स्पीकर चालतील, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.